मागे कोण उभे आहे ते बघ

चि. भाचीस,


घरातल्या जुन्या ३२ बिटच्या लॅपटॉपवर अँटिएक्स टाकायचे म्हणतेस, आणि वर्गातली मुले विचारतात, उबुंटू सोडून हे कुठले अनोळखी लिनक्स? त्यांच्या बोलण्याने डगमगू नकोस. उबुंटूने डेस्कटॉपसाठी ३२ बिटची आवृत्ती २०१७ मध्येच थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. अँटिएक्स २३ मात्र त्यांवर चालते, तेही थोडक्या रॅममध्ये. तुझे कारण पक्के आहे.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली; तुझे गाव बियाण्यांचे. सगळ्यात जास्त खपणारे वाण आपल्या मुरमाड रानातही पिकेलच, असे तिथला शेतकरी धरून चालत नाही. लिनक्सचेही तसेच.

काही जण तत्त्वासाठी वेगळी वाट धरतात. संगणक सुरू करण्यापासून अनेक कामे सांभाळणारी सिस्टिमडी ही प्रणाली डेबियनने स्वीकारायचे ठरवले, तेव्हा न पटलेल्यांनी २०१४ मध्ये देवुआन या वेगळ्या लिनक्सची घोषणा केली. इतकी कामे एकाच प्रणालीच्या हाती का द्यायची, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. काहींना शिकायचे असते. ते १९९३ पासून चालत आलेले स्लॅकवेअर घेतात, कारण तिथे एका पॅकेजला आणखी कोणती लागतात हे स्वतःच बघावे लागते. चारचौघांत उठून दिसण्यासाठी निवडणारेही असतात. त्यांच्यात तू जाऊ नकोस.

माझी काळजी दुसरीच आहे: मागे कोणीच उरले नाही तर? व्हॉइड लिनक्स २००८ मध्ये एका माणसाने सुरू केले. २०१८ मध्ये तो संपर्काबाहेर गेला आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा ताबा इतरांकडे नव्हता. बाकीच्यांनी नवा पत्ता घेतला, काम हलवले, आणि व्हॉइड आजही चालू आहे. ते तगले, कारण मागे माणसे होती. मोठे नाव म्हणजे भरवसा, असेही नाही. सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय फिरला आणि २०२१ च्या अखेरीस ते बंद झाले. कितीतरी सर्व्हर त्यावर उभे होते.

म्हणून टाकण्याआधी बघ: काम करणारे किती जण आहेत, सुरक्षेचे अपडेट शेवटचे कधी आले, अडचणीला उत्तर मिळते का. अँटिएक्सला डेबियनच्या पॅकेजचा आधार आहे, हे मला मोठे बळ वाटते.

मराठीची सोय मात्र आधीच तपास. हलक्या लिनक्समध्ये देवनागरी फाँट नसले तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. लोहित देवनागरी टाक, कीबोर्डमध्ये इन्स्क्रिप्ट जोड आणि 'क्ष', 'ज्ञ', 'र्‍या' लिहून बघ. हे सगळे पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून करता येते. वायफाय चालते का, हेही तिथेच कळेल. हार्ड डिस्कला हात लावण्याआधी आईचे फोटो आणि बाबांची शेताची कागदपत्रे दुसरीकडे कॉपी कर, आणि त्या फाइल उघडतात ना, तेही बघ.

कुठे अडलीस तर पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा लिहून पाठव. ताईला व भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा