दुसऱ्या जीवनातून काय घेऊन परतायचे?



ध्यानाला बसल्यावर मन कुठे जाते, हे प्रामाणिकपणे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. मन पुष्कळदा भूतकाळात जाते आणि तेथे वेगळा निर्णय घेऊन येते. “ती नोकरी सोडली नसती तर?” “बाबांना वेळेवर मोठ्या डॉक्टरांकडे नेले असते तर?” या ‘तर’च्या पुढे मन एक संपूर्ण जीवन रचते. त्या जीवनात सर्व काही सुरळीत असते. मग डोळे उघडले की समोरचे जीवन फिके वाटू लागते.

समांतर जीवनाची ही कल्पना कथाकारांनाही फार पूर्वीपासून खुणावत आली आहे. आज आपण अशा तीन कथांवर मनन करूया. प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारू : दुसरे जीवन पाहून आलेला माणूस सोबत काय घेऊन आला?

राजा लवण : करुणा

योगवासिष्ठाच्या उत्पत्ती प्रकरणात राजा लवणाची कथा आहे. दरबारात एक जादूगार येतो आणि राजाची दृष्टी एका घोड्यावर खिळते. सभेच्या दृष्टीने राजा थोडा वेळ सिंहासनावर निश्चल बसलेला असतो. त्याच्या अनुभवात मात्र अनेक वर्षे जातात. घोडा त्याला दूर अरण्यात नेतो. भुकेने व्याकूळ झालेल्या राजाला, समाजाने अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील एक मुलगी विवाहाच्या अटीवर अन्न देते. तो तेथेच संसार करतो, मुले होतात. मग भीषण दुष्काळ पडतो. मुलाची भूक पाहवत नाही म्हणून तो अग्नीत उडी घेऊ लागतो आणि त्याच क्षणी सिंहासनावर भानावर येतो.

“स्वप्न होते” असे म्हणून राजा गप्प बसू शकला असता. पण तो विंध्याच्या अरण्यात जातो. तेथे तीच वस्ती असते आणि लेक, जावई, नातवंडे गमावल्याचा आक्रोश करणारी एक म्हातारी भेटते. राजा तिचे सांत्वन करतो, दान देऊन तिचे दुःख हलके करतो. हे कसे घडले, याचे उत्तर वसिष्ठ ऋषी श्रीरामांना मनाच्या सामर्थ्याच्या आधारे देतात. आपण मात्र राजाच्या कृतीकडे पाहूया. ज्यांच्याकडे सिंहासनावरून कधी लक्ष गेले नसते, त्यांची भूक आता त्याची स्वतःची झाली होती.

गंगाधरपंत : दृष्टी

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा अनेकांनी वाचली असेल. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांचा पराभव झाला, हा आपला इतिहास. अपघातानंतर इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात पोहोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे जिंकले. परत येताना त्यांच्या खिशात त्या जगातील बखरीचे एक फाटके पान राहते.

मराठी मनाला पानिपताचा ‘तर’ किती जवळचा आहे, हे सांगायला नको. पण त्या जगातही गंगाधरपंत सुखी होत नाहीत. व्यासपीठावरची रिकामी खुर्ची पाहून ते सवयीने अध्यक्षस्थानी जाऊन बसतात, भाषण सुरू करतात आणि श्रोत्यांच्या रोषाला सामोरे जातात. इतिहास बदलला, स्वभाव तोच राहिला! साधकाने हे विशेष लक्षात घ्यावे. परिस्थिती बदलली तरी आपले संस्कार आपल्यासोबतच येतात.

नोरा : जगण्याची इच्छा

इंग्रज लेखक मॅट हेग यांच्या ‘द मिडनाइट लायब्ररी’ (2020) या कादंबरीत जगणे नकोसे झालेली नोरा एका अद्भुत ग्रंथालयात पोहोचते. तेथील प्रत्येक पुस्तक म्हणजे तिने न जगलेले एक जीवन. त्यांतच तिच्या पश्चात्तापांचेही एक जाडजूड पुस्तक असते. ती नामवंत जलतरणपटू होऊन पाहते, प्रसिद्ध गायिका होऊन पाहते. प्रत्येक जीवनात वेगळे दुःख भेटते. शेवटी ती स्वतःच्याच जीवनात परतते. घर तेच असते, अडचणी त्याच असतात, पण आता तिला जगायचे असते.

आपल्यासाठी बोध

वाणिज्य शाखेत आम्हाला दोन गोष्टी शिकवतात. निर्णय घेण्यापूर्वी, सोडून द्याव्या लागणाऱ्या पर्यायाचे मोल जरूर मोजावे. पण जो खर्च होऊन गेला आणि परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरू नये. आपण नेमके उलटे करतो. निर्णयाच्या वेळी घाई करतो आणि नंतर आयुष्यभर जुना हिशेब मांडत बसतो.

याचा अर्थ पश्चात्ताप दाबून टाकावा असा नाही. वडिलांच्या उपचाराला उशीर झाल्याची खंत खरी असते, कारण त्यामागचे प्रेम खरे असते. ते प्रेम आज कोणाच्या उपयोगी पडेल, हा साधनेचा प्रश्न आहे. शेजारच्या आजोबांना तपासणीसाठी घेऊन गेलो, तर आपणही राजा लवणासारखे अरण्यातल्या त्या म्हातारीपर्यंत पोहोचलो.

या आठवड्याचा स्वाध्याय

1. रोज रात्री पाच मिनिटे शांत बसून मनात वारंवार येणारा एक ‘तर’ वहीत लिहा.
2. त्याखाली लिहा : या कल्पनेत मला खरोखर काय हवे आहे? मान, सुरक्षितता, की कोणाची क्षमा?
3. त्यातील एखादा अंश आजच्या जीवनात कोणाला तरी देता येईल, अशी एक लहान कृती ठरवा आणि दुसऱ्या दिवशी करा.

न जगलेली जीवने असंख्य असतील. सेवा मात्र याच जीवनात, याच हातांनी करता येते.