कळफलकाखालची बॅटरी

यंत्रमागाचा धोटा झिजला तर विणकर धोटा बदलतो, माग बदलत नाही. सोलापूरकरांना हे सांगायला नको! मग लॅपटॉपची बॅटरी बदलायला नेली असता, "कळफलकही बदलावा लागेल," असे कधी कधी का सांगतात?

प्रथम बॅटरीच्या आत डोकावू या. लिथियम-आयन बॅटरीत एका अग्राशी लिथियमयुक्त ऑक्साइड असते, तर दुसऱ्या अग्राशी ग्रॅफाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. वापरताना ते परततात. या ये-जा करण्यात थोडे लिथियम उपक्रियांत अडकून पडते व बॅटरीची क्षमता घटते. उष्णतेने या उपक्रियांचा वेग वाढतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत लॅपटॉप बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवू नये, ते यासाठीच.

उपक्रियांत कधी वायूही तयार होतो. पातळ लॅपटॉपमधील घट मऊ पिशवीत बंद असतात. वायूने पिशवी फुगते आणि कळफलकाला खालून रेटते. कळा अडकू लागतात. दोष कळफलकाचा वाटतो. मूळ मात्र बॅटरीत असते!

मऊ घटांना आधार हवा. कडक कवच व स्क्रू वापरले तर जाडी वाढते. म्हणून काही निर्माते घट वरच्या कवचाला चिकटवतात. कळफलकही त्याच कवचाला पक्का जोडलेला असतो. अ‍ॅपलच्या २०१२ सालच्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये अशीच रचना होती. गोंद सोडवताना घट वाकला किंवा टोचला गेला, तर आतील अग्रे एकमेकांस भिडून आग लागू शकते. म्हणून सगळा वरचा भागच बदलतात. यात धोका टळतो. पण चांगला कळफलक वाया जातो व खर्च वाढतो. युरोपीय संघाच्या २०२३ सालच्या नियमानुसार, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथील बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी लागेल.

आता एक गणित. बॅटरीची मूळ क्षमता ५० वॅट-तास होती आणि आज ती पूर्ण चार्ज केल्यावर ३५ वॅट-तास भरते. म्हणजे ३५ ÷ ५० × १०० = ७० टक्के क्षमता उरली. शाळेतील लॅपटॉपच्या बॅटरीचा अहवाल शिक्षकांच्या मदतीने काढून असेच गणित करा.

लक्षात ठेवा : बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. ती दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

आणि विचार करा : नवा लॅपटॉप घेताना तुम्ही पातळपणा पाहाल, की बॅटरी सुटी निघते का ते?