अख्खी पाकळी गिळावी की ठेचून खावी?

प्रश्न : मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या पाण्याबरोबर गिळल्या की बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही खाली येतं, असं बाजारात भेटेल तो सांगतो. हे खरं आहे का? मग गोळी बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, मंचर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. गोळी बंद करू नका. आता बाकीचं निवांत बोलू.

अख्खी पाकळी गिळण्यात फारसा अर्थ नाही. सोललेली पाकळी नुसती हातात धरली तर तिला वास जेमतेमच येतो. ठेचली की घरभर कळतं. लसणात ॲलिइन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो आणि ॲलिनेज नावाचं एन्झाइम असतं, पण दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत. वरवंटा पडला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. लसणाच्या गुणांचं बरंचसं श्रेय या ॲलिसिनला आणि त्यापासून पुढे बनणाऱ्या पदार्थांना दिलं जातं. अख्खी गिळलेली पाकळी जठरातल्या आम्लात पोहोचते आणि तिथे ते एन्झाइमच निकामी होतं. उष्णतेनेही तेच होतं. म्हणून ठेचलेला लसूण लगेच फोडणीत टाकू नका, दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग तापवला तरी सगळंच वाया जात नाही. आपल्याकडचा खलबत्त्यातला ठेचा आणि लसूण-खोबऱ्याची चटणी या हिशेबात पाण्याबरोबर गिळलेल्या पाकळीपेक्षा कितीतरी पुढे आहेत.

आता बीपी. ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त आहे, त्यांचा वरचा आकडा लसणाने सरासरी आठेक अंकांनी उतरल्याचं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्यातल्या बहुतेक चाचण्या लसणाची भुकटी किंवा अर्क भरलेल्या, मोजून दिलेल्या गोळ्यांवर झाल्या होत्या. आपल्या मासवडीच्या सारणात लसूण भरपूर असतो, पण ती खाऊन बीपी किती उतरलं हे कुणी मोजलेलं मला तरी माहीत नाही.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मात्र निराशा आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या आणि कुणाला नुसत्या बिनऔषधी गोळ्या, असं आठवड्यातून सहा दिवस, सहा महिने दिलं. वाईट कोलेस्टेरॉल कुठल्याच गटात म्हणण्यासारखं हललं नाही. पुढच्या काही अभ्यासांत थोडा उतार दिसला, पण त्यावर विसंबून औषध सोडावं इतका नाही. सर्दीचंही तसंच. लसणाने सर्दी कमी होते असं सांगणारा पुरावा फार तोकडा आहे.

जीवनसत्त्वांचा हिशेब तर सोडूनच द्या. शंभर ग्रॅम लसणात ३१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं खरं, पण शंभर ग्रॅम लसूण खातो कोण? पाकळी भरते तीन-चार ग्रॅम.

कुठला लसूण चांगला, हेही तुम्ही पुढे विचाराल. तुमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ हे लसणाचे वाण तिथलेच. खाणाऱ्याने मात्र वाणाच्या नावापेक्षा गड्डा घट्ट आणि कोरडा आहे का, एवढं पाहावं. मोड आलेला, भुसभुशीत लसूण घेऊ नये.

ॲसिडिटी असेल तर उपाशीपोटी कच्चा लसूण नकोच; जेवणात खा. गुडघ्यावर ठेचलेला लसूण बांधून रात्रभर ठेवायचा उपाय काही जण सांगतात, त्याने कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. आणखी एक महत्त्वाचं : लसूण रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल किंवा दात काढायचा असेल, तर रोज किती लसूण खाता आणि लसणाच्या कॅप्सूल घेता का, हे डॉक्टरांना आधी सांगा. ते विचारतीलच असं नाही.