पाण्याचा हिशेब : माणसे वाढली, धरण तेवढेच



गेल्या हंगामानंतर आम्ही अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ पाहायला गेलो होतो. मुक्काम जुन्या शहरात, पूर्वीच्या एका सहकाऱ्याच्या घरी होता. पहाटे चारला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. नळ आला होता! टाकी भरली, पिंप भरले, हंडे-कळश्या भरल्या, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवले. घरच्या आजी आम्हाला म्हणाल्या, "आज पाचव्या रोजी आला बापू नळ. काहून जी, तुमच्याकडं उसाले रातभर पानी सोडून देता म्हंते, खरं हाय काय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. या लेखात तेच उत्तर शोधायचे आहे.

माणसे किती वाढली?

मोर्णा नदीच्या पश्चिम काठाला जुने शहर आणि पूर्व काठाला ताजनापेठ, असे हे अकोला. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती २९,२८९ होती. २०११ च्या जनगणनेत ती सव्वाचार लाखांवर गेली. म्हणजे एकशे दहा वर्षांत चौदा पटींहून जास्त. मोर्णा मात्र चौदा पट झाली नाही. उलट तिच्यात सांडपाणी आणि जलकुंभी माजली, आणि जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांना नदी साफ करायला पात्रात उतरावे लागले.

शहराची तहान भागते ती महानच्या काटेपूर्णा धरणावर. त्याचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. त्यातूनच पिण्याचे पाणी, त्यातूनच शेतीचे आणि कारखानदारीचेही. विहिरी खणाव्यात म्हणाल, तर शहराच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे खाली पाणी आहे, पण ते धड पिता येत नाही, पिकालाही मानवत नाही. निसर्गाची मर्यादा म्हणजे काय, ते वऱ्हाडातला माणूस पुस्तकात वाचत नाही, घोट घेऊन सांगतो.

दोष फक्त लोकसंख्येचा काय?

"लोक फार झाले, म्हणून टंचाई," असे आपण चटकन म्हणतो. त्यात तथ्य आहेच. र. धों. कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा समाजाने त्यांची टवाळी केली. पण आज चित्र पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात एका स्त्रीमागे सरासरी दोनच मुले आढळली. महाराष्ट्रात तर त्याहूनही कमी. आई-बापांनी आपले काम केले. तरुण पिढी मोठी असल्याने एकूण आकडा अजून काही वर्षे वाढेल, एवढेच.

मग टंचाई का हटत नाही? कारण तोंडे मोजली, पण प्रत्येक तोंडामागे लागणारे पाणी मोजलेच नाही. दोन घरांत माणसे सारखीच असली, तरी एका घराचा उपसा दुसऱ्याच्या दसपट असू शकतो. शेताचेही तसेच.

एकराचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. मोकाट पाटपाण्याने उसाला हंगामभर सुमारे अडीच मीटर पाणी दिले जाते. म्हणजे एकरी सुमारे एक कोटी लिटर! शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर वर्षाला सुमारे ४९ हजार लिटर होतात. म्हणजे आपल्या एका एकरात दोनशे माणसांचे वर्षभराचे पाणी जिरते.

पुढे चला. काटेपूर्णेचा भरलेला साठा या हिशेबाने साडेआठ हजार एकर ऊस पिऊन टाकील. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याला दीडशे दिवसांसाठी, एकरी चाळीस टन उतारा धरून, सव्वानऊ हजार एकरांवर ऊस लागतो. पावसाचा हातभार एकीकडे आणि बाष्पीभवन, कालव्याची गळती दुसरीकडे. हे सोडून हा ढोबळ हिशेब आहे. पण आजींचा प्रश्न किती खरा होता, ते यातून कळते.

पुरंदरचा धडा

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. नियम साधे. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही हक्क. आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही.

ऊस विकास अधिकाऱ्यानेच हे सांगावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण आम्ही ऊस सोडा म्हणत नाही. आमचीही भाकरी उसावरच आहे. आम्ही एवढेच म्हणतो की पाणी आटले तर आधी खोडवा वाळतो, मग चिमणी थंड पडते. पाणी राखणे म्हणजेच कारखाना राखणे.

एवढे करा

१) पाच फुटी पट्टा ठेवून ठिबक बसवा. साधारण चाळीस टक्के पाणी वाचते, म्हणजे एकरी ऐंशी माणसांचे.
२) पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा. ओल टिकते, जमिनीचा कस वाढतो.
३) पाळी तारखेवर नको. माती मुठीत दाबून पाहा, ओल असेल तर थांबा.
४) विहिरीला पुरेल एवढीच लागण करा. शेजाऱ्याकडे ऊस जास्त आहे म्हणून आपला वाढवू नका.
५) रात्रीची लाईट आली म्हणून मोटार चालू करून झोपू नका.

ठिबकचा आराखडा आणि नोंदणीसाठी आपल्या गट ऑफिसात यावे. पुन्हा अकोल्याला जाण्याचा योग आला, तर आजींना आम्हाला सांगायचे आहे, "आजी, आता रातभर नाही सोडत." ते खरे करणे सभासदांच्या हाती आहे.