डॉक्टरांना विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला अतिचंचलतेसाठी मानसोपचारतज्ज्ञांनी मेथिलफेनिडेटच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. फार विचारले तर डॉक्टरांना राग येईल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, विश्वास म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे, ही समजूत प्रथम मनातून काढून टाका. निदान कशावरून केले, गोळीचा हेतू कोणता, हे जी माता निःसंकोच विचारते आणि शाळेतल्या तक्रारी, झोप व भूक यांची तारीखवार नोंद तज्ज्ञांपुढे ठेवते, तिच्यामुळेच उपचार अधिक नेमके होतात. या औषधाने भूक मंदावू शकते, म्हणून वजन-उंची नियमित मोजून घ्यावी. वर्तनोपचाराविषयीही अवश्य विचारा. त्यासाठी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे जाल तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहा. समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचा सल्ला खुशाल घ्यावा, परंतु चालू गोळी परस्पर बंद करू नये. रात्री-अपरात्री धीर सुटल्यास ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहेच.