बिंबाणूंचा स्वभाव आणि आईचा आहार

मुळशी तालुक्यात पावसाळ्यात तापाची साथ आली आणि डेंग्यूची शंका उत्पन्न झाली, की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : प्लेटलेट किती? मराठीत या रक्तघटकांना बिंबाणू म्हणतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ते साधारणतः दीड ते साडेचार लाख असतात. संख्येची ही चौकशी योग्यच होय. परंतु बिंबाणूंना संख्येप्रमाणे स्वभावही असतो, आणि तो तपासणीच्या कागदावर उमटत नाही.

बिंबाणू ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशी असतात. त्यांचा तुटून रक्तात आलेला अंश म्हणजे बिंबाणू. त्याचे आयुष्य अवघे ७ ते १० दिवसांचे. रक्तवाहिनीला जखम झाली की तेथे चिकटून तो रक्त थांबवितो, हे सर्वश्रुत आहे. त्याचे दुसरे कार्य मात्र कमी परिचित आहे. उद्दीपित झालेल्या बिंबाणूच्या पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन हे प्रथिन येते. त्याच्या आधारे पांढऱ्या पेशी त्याला बिलगतात आणि दाह वाढतो. जंतूंशी झुंजताना हा दाह उपकारक ठरतो. तोच वर्षानुवर्षे मंदपणे धुमसत राहिला, तर रोहिण्यांच्या भिंती बिघडवितो.

बिंबाणूला केंद्रक नसते. म्हणजे कोणते प्रथिन किती असावे, याचा बहुतेक निर्णय तो जन्मण्यापूर्वीच मज्जेतील मातृपेशीत झालेला असतो. तेथे जनुकांचा मजकूर न बदलता त्यांवर रासायनिक खुणा उमटतात. सातबाऱ्यावर जमीन तीच राहते, पण ‘इतर अधिकार’ या रकान्यातील नोंदीने तिचा व्यवहार बदलतो, तसेच हे आहे. या खुणांना अधिजनुकीय बदल म्हणतात. डीएनएला मिथिल गट जोडला जाणे ही त्यांतील प्रमुख खूण. ही खूण लावणारी व पुसणारी यंत्रणाच बिघडली तर काय होते, हेही दिसून आले आहे. उतारवयात काहींच्या मज्जेतील मूळपेशींत टेट-२ किंवा डीएनएमटी-३ए या जनुकांत दोष निर्माण होतो. अशा व्यक्तींत हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यामागे वाढलेला दाह हे एक कारण मानले जाते.

मिथिल गटांचा पुरवठा आहारावर अवलंबून असतो. त्यासाठी फोलेट व ब-१२ ही जीवनसत्त्वे लागतात. ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टिन साचते. ते वाढले असता बिंबाणू अधिक उत्तेजित आढळतात. भात, नाचणी, वरी, डाळ यांत ब-१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत मिळते. पावसाळ्यात ओढ्यात सापडणारे खेकडेही या दृष्टीने मोलाचे आहेत.

पुणे जिल्ह्यालाच या विषयात एक स्थान आहे. मुळशीच्या दुसऱ्या अंगाला, जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील ६ गावांत, पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते; ती कृश दिसत, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र टिकून होती. निम्म्याहून अधिक मातांत ब-१२ कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा रोध सर्वाधिक आढळला. हा अभ्यास बिंबाणूंचा नव्हता. परंतु मिथिल पुरवठ्याचा तोल आईच्या ताटात ठरतो, हे त्याने आपल्याच गावांतून दाखविले. पुढे २०१२ पासून याच गावांतील तरुण पिढीला गर्भधारणेपूर्वीच ब-१२ देण्याचा प्रयोग झाला.

येथे एक इशारा आवश्यक वाटतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टिन घटले, पण हृदयविकाराचे झटके घटले नाहीत. मज्जेत एकदा पडलेली खूण प्रौढपणी गोळीने पुसता येतेच असे नाही. गरोदर मातांना शासनाकडून मिळणाऱ्या गोळीत लोह ६० मिलिग्रॅम व फोलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम असते. ती अवश्य घ्यावी. तीत ब-१२ नसल्याने दूध-दही वा अंडे मात्र ताटात वेगळे असावे लागते, आणि शाकाहारी मातेने ब-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.