गियर पडत नसेल तर आधी क्लच तपासा

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ योग्य समजला जातो. मोहोळची मालदांडी असो वा नंतरचे सुधारित वाण, कोरडवाहू ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच यायची असते. काळ्या जमिनीत वाफसा आला की वरचा थर लवकर सुकू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टरचा गियर पडेनासा झाला तर पेरणीचा आठवडा गॅरेजमध्ये जातो आणि बी कोरड्या मातीत पडते. पीकशास्त्र शिकवणाऱ्याने गियरविषयी लिहायचे कारण हेच.

गियर अडला की गियरबॉक्स गेला असे धरून चालण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष क्लचमध्ये असतो, आणि त्यातही पेडलच्या मोकळ्या चालीत. तो बाहेरून, दोन पान्यांनी दूर होतो. म्हणून ट्रॅक्टर मधोमध अलग करण्यास परवानगी देण्यापूर्वी पुढील तपासणी स्वतः करावी. तिला खर्च नाही.

इंजिन बंद आणि इंजिन चालू

ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर उभा करावा, चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबावा व एकेक गियर टाकून पाहावा. एखाद्या वेळी दातावर दात येऊन गियर अडतो. अशा वेळी दगड किंचित सैल करून मागच्या चाकाला थोडा हेलकावा द्यावा, म्हणजे तो बसतो. आता इंजिन मंद गतीवर चालू करावे, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि तेच गियर पुन्हा टाकावेत. रिव्हर्स गियर अवश्य टाकून पाहावा.

इंजिन बंद असताना गियर सहज पडतात, पण चालू असताना खरखरतात किंवा पडतच नाहीत, असे आढळले तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. इंजिनची फिरकी थोडीफार गियरबॉक्सपर्यंत पोहोचत राहते आणि फिरत्या दातांत दुसरे दात बसू शकत नाहीत. याउलट इंजिन बंद असतानाही गियर अडत असेल तर दोष लिव्हर, शिफ्टरचा फोर्क, त्याची दांडी किंवा आतील दात यांत शोधावा. दोन गियर एकाच वेळी अडकले असतील तर ट्रॅक्टर जागचा हलत नाही. तेव्हा जोर लावू नये, मिस्त्रीला बोलवावे.

क्लच सुटत नसेल तर प्रथम पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीला ते अगदी हलके खाली जाते, ती मोकळी चाल. अनेक ट्रॅक्टरना ती साधारण २ ते ३ सें.मी. असते, आपल्या ट्रॅक्टरचे नेमके माप पुस्तिकेत पाहावे. चाल जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. कमी असेल, किंवा मुळीच नसेल, तर क्लच पूर्ण धरत नाही व प्लेट घसरून जळते. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते, म्हणून पेरणीच्या आधी एकदा व उसाच्या हंगामाआधी एकदा ती मोजावी. जोडदांडीच्या पिना झिजल्या असतील तर केवळ नट फिरवून भागत नाही.

आणखी एक कारण आपल्याकडे हमखास भेटते. पावसाळाभर उघड्यावर उभा राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट दमटपणाने फ्लायव्हीलला चिकटते. मालक पेरणीला चावी लावतो आणि एकही गियर पडत नाही. काही ट्रॅक्टरना पेडल दाबून अडकवून ठेवण्याची कडी असते. ट्रॅक्टर फार दिवस उभा ठेवायचा असेल तर ती वापरावी.

जीप, पिकअप व मोटारगाडीलाही ही परीक्षा लागू पडते. मात्र अनेक गाड्यांचा क्लच तेलाच्या दाबाने चालतो. तेथे डबीतील तेलाची पातळी व गळती पाहावी. गाडीच्या पुढच्या गियरना सिंक्रोमेश असल्याने चालत्या गाडीत गियर बदलता येतो. जुन्या ट्रॅक्टरना ही सोय नसते, तेथे थांबूनच गियर बदलावा. गाडी चालवणाऱ्या मुलाला ट्रॅक्टर देताना हे सांगून ठेवावे.

गियर सुटणे

ओझ्याखाली गियर आपोआप न्यूट्रलला येणे हा दोष सर्वांत घातक आहे. गियर जागेवर धरून ठेवणारी गोळी व स्प्रिंग सैल होणे, फोर्क वाकणे किंवा दातांच्या कडा गोल होणे ही त्याची कारणे. लिव्हर ट्यूबच्या पट्टीने बांधून काम चालवलेले रस्त्यावर दिसते. त्याने फोर्क अधिक झिजतो, हा लहान तोटा झाला. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असताना उतारावर गियर सुटला तर इंजिनचा अटकाव संपतो आणि सारे ओझे ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. असा ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर नेऊच नये, मग तोडणीची पाळी चुकली तरी चालेल.

आवाज आणि तेल

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घरघर येते व क्लच दाबताच थांबते, तर गियरबॉक्समधील पुढच्या शाफ्टचे बेअरिंग पाहावे. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडलवर पाय ठेवून चालवण्याच्या खोडीने ते लवकर जाते.

तेल गरम असताना थोडे पांढऱ्या वाटीत काढावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. लोहचुंबकाला बारीक करडा लेप चिकटणे स्वाभाविक आहे, पण चमकणारे कण वा तुकडे सापडले तर गियरबॉक्स उघडावाच लागेल. इंजिनचे जळके ऑईल गियरबॉक्सला घालू नये. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गियर व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, तेव्हा पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे.

गॅरेजला जाण्यापूर्वी कोणता गियर अडतो, इंजिन बंद असताना अडतो की चालू असताना, थंड असताना की तापल्यावर, रिकामा असताना की ओझ्याखाली, आणि पेडलची मोकळी चाल किती भरली, हे एका चिठ्ठीवर लिहून मिस्त्रीच्या हातात द्यावे.